राजवाड्याचा पडदा

माय, तू नि बाबांनी रंगवलेले नाटकाचे चार पडदे माझ्या हातानं गेले, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. जंगल, रस्ता, देऊळ आणि गरिबाची झोपडी. वाळवीनं खाल्ले नाहीत, उंदरांनी कुरतडले नाहीत. मी जपून ठेवले म्हणून गेले. तू गेल्यावर अमरावतीचं घर रिकामं करताना ताई म्हणाली, दोन-दोन वाटून घेऊ. मी म्हणालो, ही वाटायची वस्तू नाही, सगळे माझ्याकडे राहू दे. अकोल्याला दुकानामागे पत्र्याचं गोदाम आहे, तिथे आम्ही पंपाच्या मोटारी ठेवतो. मोटारीला ओल लागू द्यायची नसते, म्हणून ती जाड प्लास्टिकमध्ये घालून तोंड चिकटपट्टीनं बंद करायची. पडदेही मी तसेच बंद केले, वर दोरी बांधली आणि स्वतःवर खूश झालो. दिवस श्रावणाचे होते. कापडातली ओल आतच कोंडली, पुढे उन्हाळ्यामागून उन्हाळे वर पत्रा तापला. यंदा उघडले. उलगडताना चरचर आवाज आला आणि मी हात मागे घेतला, पण आवाज आला म्हणजे काम झालेलंच होतं. रंग कापड सोडून मागच्या वेटोळ्याच्या पाठीला चिकटला होता. बाबांच्या देवळाचा कळस उलटा होऊन मागे गेलेला, आणि पुढे नुसतं बुरशी धरलेलं मांजरपाट.

तुझ्या चुलीवर भाजीच्या आधी पडद्याच्या रंगासाठीचा सरस चढायचा. त्याचा वास असा की शेजारीण दार लावून घ्यायची आणि आतून तुझ्या नावानं काहीबाही बोलायची. तू हसून ढवळत राहायचीस. कापड ताणणं, सरस-खडूचा हात देणं, मग सगळं आभाळ आणि झाडांची पानं तुझी. खांब, कमानी, पायऱ्या बाबांच्या. पहिला हात वाळला की बाबा कापडावर नखानं टिचकी मारायचे आणि मला विचारायचे, सांग. मी डोळे मिटून आवाजावरून सांगायचो, इथे सरस कमी आहे, इथे बरोबर. कधी चुकलो नाही. पण ब्रश हातात घेतला तेव्हा माझं झाड बघून बाबा एवढंच म्हणाले, "तुह्या हातात रंग नाही. कान आहेत, त्याचंच काही कर." तेव्हा फार लागलं होतं. पुढे त्या कानांवरच मी खाल्लं. अजूनही गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की मी दारातूनच सांगतो, बेअरिंग गेलं. लोकांना जादू वाटते. मीही वाटू देतो.

पण तुझं ऐकलं नाही. दर चैत्रात तुझा फोन यायचा की पडदे उन्हाला काढायचेत, ये. मी दुकानातली दोन माणसं अमरावतीला पाठवायचो. ती सांगितलेलं करून, तुझ्या हातचं जेवून परत यायची आणि तुझं कौतुक करायची. तू रागावली नाहीस. एकदाच म्हणालीस, "माणसं नको पाठवत जाऊ. तू येजो." मी म्हणालो, माय, सीझन आहे. शेतकऱ्यांच्या मोटारी चैत्रातच जळतात, हे खोटं नव्हतं. पण माणसांना तर सवड मिळत होतीच ना.

उघडलेले पडदे घेऊन मी एका चित्रकलेच्या मास्तरांकडे गेलो. ते भले माणूस, चष्मा काढून बघितलं. म्हणाले, आता काही होणार नाही. एखादा धड राहिला असता तर संग्रहात ठेवायला लावला असता, सही दिसतेय ना तुमच्या वडिलांची. मी म्हणालो, आभाळ आईचं आहे. ते म्हणाले, हो हो, घरच्यांची मदत असतेच. माय, मी रोज पन्नास लोकांशी गोड बोलतो, पण तिथे माझं तोंड कडू झालं. आधी का नाही आलो, हा स्वतःवरचा राग वेगळाच. त्या तिरमिरीत मला पाचवा आठवला. राजवाडा. दर्यापूरकडच्या एका गावात तुम्ही तो रंगवला, बाबांनी तिथल्या नाटकासाठी वापरायला दिला आणि त्यांनी तो परत केलाच नाही. तू म्हणायचीस, राहू दे. मी मात्र इतकी वर्षं त्यांना चोर म्हणत आलो.

पिकअप घेऊन गेलो. पडदा शाळेत होता, आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंच्या ताब्यात होता. साठीच्या असतील. तुम्ही दोघं त्या शाळेत आठ दिवस मुक्काम करून हा रंगवत होता तेव्हा परकर सावरत तुझ्या मागे फिरणारी पोर म्हणजे ह्याच. चौघांनी तो व्हरांड्यात उलगडला. एक आवाज नाही, माय. नुसतं कापड सुटत गेलं. वेटोळ्यांत जुनं लुगडं घातलेलं, रंगाची बाजू बाहेर. तरी माझं डोकं तापलं. डावीकडचा कोपरा घराला मारतात त्या रंगानं बुजवलेला, खाली गावच्या नाटकमंडळाचं नाव ठळक, आणि बाबांच्या कमानीवरचा मोर कुणीतरी पुन्हा काढलेला. मोर कसला, कोंबडी. मी म्हणालो, हे कोणी केलं? बाई म्हणाल्या, मीच. फाटला होता, थिगळ लावलं, त्यावर काढला. बरा नाही जमला. दरसाल नाटकाच्या वेळी पोरं त्यावरून हसतात, म्हणे. एवढं खुल्या मनानं सांगितल्यावर भांडायचं तरी कसं?

तरी भांडलो. म्हटलं, दुसऱ्याची वस्तू इतकी वर्षं ठेवली, वर त्यात हात घातला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, गुंडाळायचं तुझ्याकडूनच शिकल्या, दर चैत्रात ऊन देतात, कडुनिंबाचा पाला बदलतात. आणि तू एकदा सांगून गेली होतीस, आमच्या म्हाताऱ्यानं मांगला तरी पडदा देऊ नका, इथंच ठेवा. हे मला ठाऊक नव्हतं. तू आम्हाला सोडून त्यांना सांगितलंस. का, ते विचारायला आता तू नाहीस, आणि उत्तर मला येतं. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली.

"घेऊन जा न भाऊ, तुमच्या मायचा हाय. नेऊन ठेवसान कुठी?"

मला गोदाम दिसलं. मास्तरांचा संग्रह दिसला, आणि सहीखाली एकट्या बाबांचं नाव. वर आभाळाकडे बघितलं. थिगळाच्या वर तुझं आभाळ आहे तसं होतं, पहाटेचं, कडेला किंचित पिवळं. मी म्हणालो, राहू द्या इथंच. एवढंच म्हणालो, तर बातमी गावभर झाली. सरपंच आले, नारळ आला, शाल आली. कोणीतरी बोललं की अकोल्याच्या शेठनं आईची आठवण गावाला दिली, मन मोठं लागतं. टाळ्या वाजल्या. मी वाकून शाल घेतली.

रिकामं पिकअप घेऊन आलो. ताईनं फोनवर विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं, की गावाला दिला. ती रडली, म्हणाली, चांगलं केलंस, बाकीचे चार आहेतच आपल्याकडे. मी हो म्हणालो. हे पत्र तुला पाठवायची सोय नाही, ते बरं आहे. तिला पाठवायला हवं, आणि तेवढी छाती मला अजून झालेली नाही. गावाला मी काही दिलं नाही, माय. मला तो घरी आणायची भीती वाटली.