कै. आणि त्यापुढचं टिंब

तीर्थरूप वहिनींना,

कंबर परवानगी देते तितका वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार उभ्यानेच झाला असं समजावं.) दादाचा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तो मुद्दाम गच्चीवर जातो हे मी लहानपणापासून पाहत आलोय, तेव्हा त्याला रोज गच्चीवर जा असं सांगून पाहा. मी बरा आहे. घर लहान आहे, पण एकट्या माणसाला ती सोयच असते. चष्मा हरवला तरी दोनच खोल्या धुंडाळाव्या लागतात.

तुमचं पत्र पोचलं. (शुद्धलेखनाच्या चुका तीनच. सुधारणा आहे.) तुम्ही विचारलंय, की हिला जाऊन तीन वर्षं झाली तरी हिच्या नावाचं टपाल अजून तिकडे जुन्या घरी येतं, आणि परवा तर बियाण्यांच्या दुकानाकडून चांगलं जाडजूड पाकीट आलं, तर नावाआधी 'कै.' लिहून ते परत पाठवून देऊ का? वहिनी, पाया पडतो, पण 'कै.' लिहू नका. का, ते सविस्तर सांगतो. पाकिटाचं मागाहून बघू.

हे घर मी ज्यांच्या पुतण्याकडून घेतलं, त्या बाई घर विकायच्या आधीच वारल्या होत्या. पुतण्याने किल्ल्या दिल्या, मोरीतला नळ बंद करण्याची युक्ती शिकवली (आधी उजवीकडे, मग एक चापट) आणि स्वतःचा फोन नंबर बदलून टाकला. बाई गेल्याचं सगळ्या गल्लीला माहीत, फक्त त्यांच्या बँकेला नाही. आणि बँकेचा तर त्यांच्यावर फार जीव. दर पंधरवड्याला एक पत्र. एकात वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुसऱ्यात ज्येष्ठांच्या सहलीची माहिती, तिसऱ्यात म्हणे बऱ्याच दिवसांत आपण शाखेत दिसला नाहीत, आमचं काही चुकलं का? (हे वाचून मला गलबलून आलं. मी दोन महिने अंथरुणावर होतो तेव्हा माझ्या बँकेने साधी चौकशी केली नव्हती.) मी पाकिटावर 'व्यक्ती हयात नाही' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि परत पाठवलं. आठवड्याच्या आत उत्तर आलं, तेही बाईंच्याच नावाने. आपली सही आमच्याकडील नमुन्याशी जुळत नाही, कृपया पुन्हा करून पाठवावी.

मग मी स्वतःच गेलो. चौकशीच्या खिडकीत एक तरुण बाई बसतात. पंख्याचा सगळा वारा त्यांच्याच डोक्यावर, म्हणून भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. माणूस गरीब, पण भाषेशी संबंध दहावीत सुटला असावा. त्यांनी विचारलं, बाईंचं आणि तुमचं नातं काय? मी म्हटलं, काही नाही, मी त्यांच्या घरात राहतो. म्हणजे भाडेकरू? नाही, मालक. खिडकीबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि फार हळुवारपणे विचारलं, "मग त्यांना कुठे ठेवलंय?" पुढे पोलीस येण्याआधी मी एक फॉर्म मागून घेतला. वहिनी, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. आणि कै.पुढे टिंब, हे माझ्या हाताला सांगावं लागत नाही. दहातली नऊ माणसं ते टिंब विसरतात. मी विसरलो नाही, आणि तिथेच घात झाला.

दहा दिवसांनी पाकीट हजर. बाईंच्या नावाआधी आता ठळक अक्षरात 'श्रीमती कै.' आपल्या नावातील बदलाची नोंद केली आहे, सोबत नवीन कार्ड जोडले आहे, मात्र 'कै.' या आद्याक्षराचे पूर्ण रूप कळवावे. म्हणजे टिंब पाहून ते आद्याक्षर ठरलं! मी तसाच चपला घालून निघालो. (दोन्ही डाव्या पायाच्या होत्या हे तिथे पोचल्यावर कळलं.) खिडकीबाई म्हणाल्या, "काका, मला तर कै वरून कैरीच आठवते. आहे तरी काय नाव?" मी म्हटलं, कैलासवासी. त्यांनी एकेक अक्षर टिपून घेतलं, आणि मग पेन थांबलं. "वासी म्हणजे राहणाऱ्या ना? अहो, मग पत्ता बदललाय असं म्हणा की! नव्या पत्त्याचा पुरावा आणलाय?" आता तो पुरावा आणायला माझी ना नाही, पण तिथे गेल्यावर कागद घेऊन परत येण्याची सोय नसते.

मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा समोरच्या स्टुलावर नुसता बसलो. थकलो होतो. फॉर्म नाही, काही नाही, सरळ म्हटलं, बाई मेल्या हो. खिडकीबाईंचा हात टंकताना थांबला. "मेल्या? मग आधीच असं सांगायचं ना, काका." खरंच, आधी का नाही सांगितलं? वहिनी, हा शब्द मी तीन वर्षांत तोंडातून काढला नव्हता. कुणी विचारलं तर ही गेली म्हणायचो, नसते म्हणायचो, कागदावर कै. लिहायचो. खिडकीबाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तिथे एक छोटा चौकोन होता, त्यात खूण केली की पत्रं थांबतात. एवढंच ते काम. तर अशा रीतीने प्रकरण मिटलं.

दादाला गच्चीचं सांगायला विसरू नका. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
टिंबभावोजी
(नाव तुम्हीच ठेवलंत, आता तक्रार नाही.)

ता. क. प्रकरण मिटलं असं वर लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. खूण करण्याआधी खिडकीबाईंनी विचारलं, करू ना? एकदा केली की मला पुसता येत नाही. आणि तीन खेपा घालणारा हा शहाणा म्हणाला, राहू द्या, पुढच्या सोमवारी बघू. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. त्या गोष्टीला पाच सोमवार झाले. बाईंना काल शुभेच्छापत्र आलं. फळीवर उभं करून ठेवलंय.

आणखी ता. क. ते बियाण्यांचं पाकीट चुकून आलेलं नाही. मीच मागवलंय. दर वर्षी मागवतो, हिच्या गिऱ्हाईक क्रमांकावर, हिच्या नावाने. झेंडू, आणि ती निळी वेल, जिचं नाव फक्त हिलाच ठाऊक होतं. पहिली दोन वर्षं मी तिथेच राहत होतो म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. दुकानात पत्ता बदलायचा तर हिची सही लागते. मला ती हुबेहूब जमते, पण करवत नाही. तेव्हा पाकीट परत धाडू नका, इकडे पाठवा. खिडकीत दोन कुंड्या भरून ठेवल्यात. पत्ता माझा घाला, नाव हिचंच राहू द्या. नावाआधी काही लिहायचंच असेल तर मी अजून आहे, तेव्हा 'सौ.' लिहा.

टिंब विसरू नका.