चोरून आणलेलं टोमॅटोचं रोप

ती. तईसियाताईस,

धाकट्या वेन्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? तुमच्याकडे दक्षिणेत जर्दाळू फुलल्याचं कळवलंस. आनंद आहे. पुढच्या पत्रात पुन्हा नाही कळवलंस तरी चालेल. इथे एप्रिल संपत आला तरी कामा नदीवरचा बर्फ हललेला नाही, आणि तुझा भाऊ, रेल्वेचा निवृत्त इंजिन ड्रायव्हर, टोमॅटोच्या रोपांपायी पार खचला आहे.

आईला यंदा उठवत नाही, म्हणून बी पेरायचं काम माझ्याकडे आलं. (हात माझे, तोंड तिचंच.) बी तेच, तिच्या गुलाबी, मुठीएवढ्या टोमॅटोचं. गेल्या वर्षी करप्याने सगळं नेलं, तेव्हा उरलेलं शेवटचं चिमूटभर. ओल्या फडक्यात गुंडाळून तिने ते रात्रंदिवस छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "अजून ऊब आहे माझ्यात, वापरून घे." बी फुगलं. मी बागेची माती कीड मरावी म्हणून ओव्हनमध्ये भाजली, तर खालच्या मजल्यावरून विचारणा आली की आमच्याकडे कुणी जळलंय का. मग आंबट सायीच्या रिकाम्या डब्यांत पेरणी झाली. कोंब आले तेव्हा मी, काय सांगू, डोळे पुसले. (कांदा चिरत होतो असं आईला सांगितलं.)

त्यानंतर कुणा साहेबाने दोन दिवस ऊन पडलेलं पाहून अख्ख्या गावाची घरं तापवणाऱ्या नळ्या बंद करून टाकल्या, आणि लगेच हिमवादळ आलं. आमची खिडकी उत्तरेची. रोपं उजेड शोधत लांबुळकी झाली, फिकट पडली, एकेक करून मान टाकू लागली. आईने स्वतःचं पांघरूण त्यांच्यावर घालायला लावलं. मी ते तिच्या अंगावर घालायचो, ती पुन्हा ओढून काढायची. आठवडाभर आमचं एवढंच चाललं होतं.

त्यातच मी मूर्खपणा केला. जास्तीची चार रोपं वरच्या मजल्यावरच्या नोन्ना येगोरोव्हना यांना दिली. त्या जन्मभर ट्रॉलीबसमध्ये कंडक्टर, तिकीट फाडलं की आभार, असं तोंडाला वळणच पडलेलं. डबे हातात घेतले आणि म्हणाल्या, "आभारी आहे हं!" लगेच तोंडावर हात ठेवला, पण सुटलेला शब्द काय परत येतो? रोपाचे आभार मानले की रोप मरतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ताई, झालंही तसंच, फक्त उलटं. त्यांच्या दक्षिणेच्या खिडकीतली चारही तरारली, आणि आमची सगळी गेली. एकूण एक. मी महिनाभर त्या बाईंशी जिन्यात बोललो नाही.

आई रोज सकाळी विचारायची, "काय म्हणतात?" मी म्हणायचो, "वाढताहेत." एके दिवशी म्हणाली, "वेन्या, मी म्हातारी झालेय, आंधळी नाही. जा, नोन्नाकडून एक आण. मागू नकोस, मागितलेलं धरत नाही. चोरून आण."

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी मीठ मागायच्या निमित्ताने वर गेलो. बाईंनी दार उघडलं, माझ्या ढगळ कोटाकडे पाहिलं, आणि "बसा, मीठ कुठं ठेवलंय बघते" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. एवढा वेळ लागला की मिठाच्या खाणीत उतरल्या असाव्यात. सगळ्यांत धट्टंकट्टं रोप दाराशेजारीच, स्टुलावर. मी ते कोटात घातलं आणि पळालो. अर्ध्या जिन्यावर असताना वरून हाक आली, "अहो, मीठ राहिलं तुमचं!"

रोप आता आईच्या उशाशी आहे. ती त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. थंडी मात्र हटत नाही. भावजींना नमस्कार.

तुझा,
वेन्या

ता.क. रोपाला एक लोकरीचा मोजा घातला आहे. आईचा आहे. तिचे पाय गार पडतात, पण ऐकत नाही.

ता.क. २. हे सगळं पत्र टोमॅटोविषयीच का, असं तुला वाटेल. आईने बजावलं होतं, "तिला घाबरवू नकोस, टोमॅटोचं लिही." तू नेहमीसारखी ऑगस्टात टोमॅटो खायला येणार आहेस. ताई, यंदा सगळंच उशिरा आहे, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की आई तोपर्यंत थांबणार नाही. टोमॅटो पिकायची वाट बघू नकोस. आत्ताच नीघ.

ता.क. ३. ते रोप तिने तुझ्यासाठीच मागवलं होतं. स्वतःच्या हाताने देणार म्हणते. ती देईल तेव्हा रड, भांड, काय वाटेल ते कर. पण आभार मानू नकोस.