दुसरी वेलांटी

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तू कापतोस. पत्र कापता येत नाही, फार तर फाडशील. पण आधी वाच.

तू रक्तपेढी सोडून गेलास, पण रक्तदात्यांची तुझी फाइल आम्ही रोज वापरतो. जुन्या संगणकावर ती काही न विचारता उघडायची, तशी सोय तूच केली होतीस. काल तो संगणक बंद पडला. राखीव प्रत नव्यावर उतरवली, तर तिने पासवर्ड मागितला. नेमकी तेव्हाच बाळंतपणात खूप रक्त गेलेली एक बाई आली. गट दुर्मीळ. होती ती एकुलती एक पिशवी लावली, दुसऱ्या पेढ्यांनी हात वर केले. त्या गटाचे दाते फक्त तुझ्या फाइलीत होते.

संगणकवाल्याला बोलावलं. तो आधी म्हणाला, कुणीतरी फाइल दुसरीकडे उघडी ठेवली असेल. तसं नव्हतं. मग म्हणाला, ही नुसती कुलूपबंद नाही, आतला मजकूरही सांकेतिक केलाय, पासवर्डशिवाय फोडता येणार नाही. तरी कुठला तरी प्रोग्रॅम चालवायला निघाला. मी म्हटलं, मूळ फाइलीला हात लावायचा नाही, तिची प्रत करून घे. केली, चालवला, हाती धुपाटणं. समोरच्या बाकावर त्या बाईचा नवरा बसून माझ्याकडे बघत होता.

शेवटी डॉक्टरांच्या फोनवरून तुला गाठलं. फाइलीचा पासवर्ड विचारला. तू म्हणालास, "मी तुला जी हाक मारतो, तीच घाल." आणि फोन ठेवलास. तुझ्या मते काम झालं होतं.

मी टाइप केलं: टिटवी. नाही उघडली. कीबोर्डची भाषा तपासली. पासवर्डच्या चौकटीत नुसती टिंबं दिसतात, म्हणून शब्द बाहेर लिहून, नीट वाचून आत चिकटवला. नाही. पुन्हा तुला फोन केला तर तू आवाक्याबाहेर. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, याने जुना राग काढला. तुझा भयंकर संताप आला.

तेवढ्यात तो नवरा खिडकीशी आला. रक्ताच्या मागणीचा कागद त्याने भरला होता आणि घाईत बायकोच्याच नावाची वेलांटी चुकवली होती. माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला आणि थांबला. तुझी ती नोटीस आठवली, मी शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करून फळ्यावर लावलेली. सगळे हसले आणि तू राजीनामा लिहिलास. त्यातही दोन चुका होत्या. चूक ती चूक, हे मी आजही म्हणेन. पण तू टिटवीला जन्मात कधी पहिली वेलांटी दिली नाहीस, हे मी विसरले कशी?

टीटवी. फाइल उघडली.

पहिल्या दात्याचा नंबर बंद होता, दुसरी परगावी. तिसरा कंडक्टर, तो गाडी डेपोत लावून तसाच गणवेशात आला. मग आणखी दोघी आल्या. बाई वाचली, बाळही बरं आहे. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, मी नुसती खुर्चीत बसून रडले.

वरिष्ठ म्हणतात, टोपणनाव हा काय पासवर्ड झाला, आजच बदला. बरोबर आहे त्यांचं. पण एवढी वर्षं तू बोलत नव्हतास आणि ती फाइल रोज माझ्या नावाने उघडत होती. माझ्याच्याने बदलवत नाही. मी त्यांना सांगितलं, ज्याने कुलूप घातलं तोच येऊन बदलेल.

ये.

तुझी,
टीटवी