निवृत्त आज्ञांचा निरोप समारंभ

पनवेल, शुक्रवार

प्रिय दोस्त यूनुस यास तुळशीरामचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

आज सकाळी उगीचच कानात आपला चौथीचा वर्ग घुमला. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि तू अर्धी ओळ मागे, त्यामुळे प्रत्येक कवितेला शेपूट फुटायचं. गुडघा कसा आहे? फरिदाभाभींनी तुझी बिर्याणी खरंच बंद केली, की नुसता धाक? मी बरा आहे. म्हणजे घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, एवढं सोडलं तर बरा.

झालं असं. माझी नात प्राची ज्या कंपनीत आहे, ती कंटेनर यार्डाच्या फाटकावरचं सॉफ्टवेअर बनवते. ते कसं चालवायचं याची मराठी पुस्तिका सहा वर्षांपूर्वी मीच लिहून दिली होती (मानधन : एक शाल). यंदा सॉफ्टवेअर बदललं आणि तेवीस आज्ञा, म्हणजे कमांड, बाद झाल्या. प्राची म्हणाली, "आबा, ही यादी. नव्या आज्ञा आम्ही लिहिल्यात, तुम्ही फक्त खोडायचं. भर घालायची नाही."

खोडलं रे! पण गलबलून आलं. आपल्याकडे शिपाई निवृत्त झाला तरी नारळ देतात, आणि या बिचाऱ्यांना साधा निरोपही नाही? म्हणून शेवटी दोन पानं वाढवली आणि प्रत्येकीला दोन ओळी वाहिल्या, खाली माझं नाव-पत्ताही घातला. गाडी आत घेणारी ‘गेटइन’ होती, तिला लिहिलं :

सहा वर्षे तू दार उघडिले, गेटिनबाई, निरोप देतो;
ट्रेलरवाला तुझ्यावाचुनी उभा फाटकापाशी रडतो!

(‘रडतो’ला मी स्वतः थोडा रडलो.) प्राचीने माझ्यावर विश्वास टाकून न बघताच छापायला दिलं.

पुस्तिका पळस्प्याच्या यार्डात पोचली. फाटकावर काळूराम नावाचा क्लार्क आहे. नव्या आज्ञांचं गद्य त्याने उघडलंच नाही. पद्य मात्र दोन दिवसांत तोंडपाठ! त्यातला निरोप काही त्याने मनावर घेतला नाही. बाद झालेल्या आज्ञाच धडाधड टाइप करू लागला. यंत्र म्हणे, अशी आज्ञा नाही. काळूराम म्हणे, "नाय कशी? कवितेत हाय!" चाळीस ट्रेलर तीन तास हायवेवर. यार्डाच्या व्यवस्थापक मनिषा मॅडमनी लेखी तक्रार केली. आता सोमवारी प्राचीला साहेबांपुढे उभं राहायचंय. नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही.

तुझा वर्गबंधू,
तुळशीराम

ता. क. : पत्र खरं यासाठीच. तुझ्या तौसीफचे ट्रेलर सगळ्या यार्डांत जातात. ड्रायव्हरांकरवी सोमवारच्या आत पुस्तिकेची शेवटची दोन पानं हळूच फाडून आणव. साहेबांना पुरावाच सापडायला नको.

ता. क. २ : फाडताना एक प्रत नीट जपून आणायला सांग. अकराव्या आज्ञेचं यमक फार सुरेख जमलंय.

ता. क. ३ : थांब, बेल वाजली. दारात एक बाई, हातात तीच दोन पानं. प्राचीचा चेहरा पांढराफटक. साक्षात मनिषा मॅडम! म्हणतायत, "हे लिहिणारे गुरुजी तुम्हीच का? नव्या आज्ञांच्या कविता करून द्या, आजच. आमच्या लोकांच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. तक्रार मी मागे घेते." यूनुस, तौसीफला काहीच सांगू नकोस. एकही पान फाडायचं नाही!