सतरा नंबरचा म्हातारा

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. काळजी करू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. अपमान झाला आहे.

आमच्या हौशी फोटोमंडळाची रीत तुला मागे सांगितली होती. दर महिन्याला सभासदांचे फोटो स्टेशनरीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आठवडाभर लागतात. खाली नाव नसतं, नुसता नंबर. ज्याला जे वाटेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. मग चिटणीसबाई सगळ्या चिठ्ठ्या टाइप करून ज्याच्या त्याला पाठवतात, म्हणजे अक्षर ओळखून कोणी कोणाच्या दारात भांडायला जायला नको. या वेळी मी जिन्याचा फोटो दिला होता. चौतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले मी, जिना कसा दिसावा हे मला कोणी शिकवायला नको. एकोणीस पायऱ्या, एक रेघ तिरकी नाही. आणि त्यावर कोण्या शहाण्याने एकच ओळ लिहिली आहे, की जिना अगदी निर्दोष आहे, पण या घरात कोणी राहतं का?

याला टीका म्हणतात? टीका कशी करावी ते मी याच महिन्यात दाखवून दिलं आहे. सतरा नंबरच्या फोटोवर दोन पानं लिहिली. कुठल्याशा लाँड्रीच्या आतून काढलेला फोटो आहे. वाफ धरलेली काच, हँगरला लटकलेले शर्ट, काचेवर हाताने पुसून केलेली एक स्वच्छ जागा, आणि त्यातून दिसणारा, बाहेर फुटपाथवर पाठमोरा उभा असलेला एक म्हातारा. मी मुद्देसूद लिहिलं. दाराची चौकट डावीकडे दोन अंश कलली आहे. उजव्या कोपऱ्यातला दिवा डोळ्यात खुपतो, तिकडून बोटभर कापा. शर्टांवरचा उजेड मात्र फार सुरेख पकडला आहे, असा उजेड मला वीस वर्षांत साधला नाही, हेही कबूल केलं. मी काही दुष्ट नाही. सगळा घोळ म्हाताऱ्याने केला आहे. टक्कल चमकतं, खांदे पडलेले. स्वेटरच्या पाठीवर तीन वेण्या विणल्या आहेत, त्यांतली मधली एके ठिकाणी भलत्याच बाजूला वळली आहे, विणणारीचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. शिवाय तो नुसताच उभा आहे, त्याला तिथे काही काम नाही. म्हातारा काढून टाका, फोटो तरेल, असं मी स्पष्ट सांगितलं.

असो. मी मंडळाचा राजीनामा पाठवला आहे आणि कॅमेरा कपाटात चादरींच्या खाली ठेवला आहे. हिला सांगितलं, तर ती नुसतं बरं म्हणाली. बायकोने थोडा तरी आग्रह करायला हवा होता.

तुझ्या गुडघ्याचं कळव. लोभ आहे तो असू दे, सध्या मला त्याची गरज आहे.

तुझा,
गुण्या


९ नोव्हेंबर

चि. सौ. बाई हीस,
अनेक उ. आ.

तुझ्या बालवाडीतल्या पोरांसारखी मीही तुला बाईच म्हणते, तेव्हा आज पोरांसारखंच एक विचारते. खरं सांगायचं.

गुण्याचं पत्र आलं. लहानपणी हा घरातल्या तसबिरी सरळ करत हिंडायचा, म्हणून बाबांनी याला सुताराच्या गुण्याचं, त्या काटकोन तपासायच्या पट्टीचं, नाव दिलं. त्या माणसाने चार पानं भरून आपला अपमान कळवला आहे. ते राहू दे. पण त्यात कुठल्या सतरा नंबरच्या फोटोतल्या म्हाताऱ्याचं वर्णन आहे. पाठीवर तीन वेण्यांचा स्वेटर, मधली वेणी एके ठिकाणी उलटी वळलेली. बाई, असा स्वेटर जगात एकच आहे. तो मी विणला आहे. गुण्या निवृत्त झाला तेव्हा घाईघाईने पुरा केला, चूक लक्षात आली तेव्हा पंधरा ओळी पुढे गेले होते आणि उसवायचा कंटाळा केला. पाठीवर आहे, त्याला कुठे दिसणार, असं म्हटलं. तर त्याला दिसली, आणि ती माझीच चूक आहे हे कळलं नाही. वर माझं लक्ष कुठे होतं म्हणून मलाच विचारतो.

तेव्हा सतरा नंबर कोण, हे सांग. मला वाटतं ते खरं असेल, तर मी कालपासून एकटी हसते आहे, आणि शेजारीण काळजीत पडली आहे.

इकडे सर्व क्षेम. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
वन्सं


१४ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही इतकी वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होतात, तुमच्यापासून काय लपणार. सतरा नंबर मीच.

यांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना माझ्याकडे आला. शाळेच्या संमेलनाचे फोटो काढता काढता हात बसला. चिटणीसबाईंची नात माझ्या वर्गात आहे. त्यांनी मला टपालाने फोटो पाठवणारी सभासद करून घेतलं आणि कोणाला सांगितलं नाही. यांना का सांगितलं नाही, ते लिहिते. मी घरात काहीही दाखवलं, पडदा शिवलेला असो की पोरांसाठी केलेलं बाहुलं, की हे मान वर न करता छान आहे म्हणतात. मनापासून म्हणतात, पण बघत नाहीत. तेच मला फोटोचं नको होतं.

आणि मग ती दोन पानं आली. वन्सं, मी ती शाळेच्या वहीत ठेवली आहेत, घड्या झिजल्या. टाइप केलेली होती, खाली नाव नव्हतं, तरी मी ओळखली. दोन अंश म्हणजे यांनीच मोजलं असणार. शर्टांवरच्या उजेडाबद्दल लिहिलंय ते मी पाठ केलं आहे. बत्तीस वर्षांत मी केलेल्या एखाद्या गोष्टीकडे यांनी असं बघितल्याचं मला आठवत नाही. मला मनापासून आनंद झाला आणि नंतर रडूही आलं.

म्हातारा मात्र मी काढणार नाही. त्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी बसस्टॉपशेजारच्या लाँड्रीत कपडे घ्यायला शिरले होते. कॅमेरा पिशवीत होताच. बघते तर काचेबाहेर हे. मान लांब करून रस्त्याकडे बघत होते. साडेपाचची बस आली, तिच्यातून मी उतरले नाही, तर दुसरीची वाट बघत राहिले. लाँड्रीवाल्याने सांगितलं की हे काका रोज येतात, मी बसमधून उतरताना दिसले की बोळातून लगबगीने निघून जातात. वन्सं, मी रोज घरात पाऊल टाकते तेव्हा हे खुर्चीत पेपर वाचत असतात, आणि आलीस का एवढंच विचारतात. कधीकधी धाप लागलेली असते. मी त्याला दमा समजत होते.

आता दुसरं. जिन्याच्या फोटोवरची ती ओळ माझीच आहे. यांच्या फोटोत जिने असतात, बोळ असतात, रिकाम्या खुर्च्या असतात, माणूस औषधाला नसतो. एकदा सांगावं असं वाटलं. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. कॅमेरा चादरींखाली गेला तेव्हापासून हे घरात नुसते फेऱ्या घालतात. आता सगळं सांगितलं तर शरमतील आणि पुन्हा सगळ्याला छान म्हणत बसतील. नाही सांगितलं तर कॅमेरा कायमचा गेला, आणि तो मीच घालवला. डिसेंबरात मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आहे. तिथे नंबर नसतात, नावं लागतात. माझा फोटो निवडला गेला आहे. काय करू ते तुम्हीच सांगा.

थोरांचा हात पाठीवर असावा, एवढंच मागते.

तुमची,
बाई


१८ नोव्हेंबर

चि. गुण्यास,
अनेक आ.

राजीनाम्याची बातमी वाचली. दुसऱ्याला दोन पानं ऐकवणाऱ्याला स्वतःला एक ओळ पचत नसेल, तर त्याने औषध घ्यावं. आमच्या वॉर्डात इंजेक्शन देणारे शिकाऊ डॉक्टर स्वतःला सुई टोचताना असेच रडायचे.

आता मुकाट्याने ऐक. डिसेंबरात तुमचं प्रदर्शन आहे म्हणे. राजीनामा दिला असलास तरी तिकीट नाही, कोणी हाकलणार नाही. जा, आणि त्या सतरा नंबरवाल्याने तुझं ऐकलं की नाही ते बघून ये. हॉल गार असतो, तुला खोकला लवकर होतो, तेव्हा मी विणलेला स्वेटर घालून जा. दुसरा नाही, तोच. आणि फोटोच्या अगदी समोर, जवळ उभा राहून नीट बघ. मला सविस्तर कळव.

गुडघा माझा आहे, त्याची काळजी मी करते.

तुझी,
ताई


१३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला काय करायला लावलंस, हे तुला माहीत होतं. माझी खात्री आहे.

चार दिवसांपूर्वी प्रदर्शनाला गेलो. स्वेटर घालून गेलो. खिशात काटकोनाची पट्टी घेऊन गेलो, कारण लोकांवर माझा विश्वास नाही. सतरा नंबरचा फोटो समोरच्या भिंतीवर मधोमध, चांगला मोठा करून लावला होता. मी जवळ गेलो. चौकट सरळ केली होती. कोपऱ्यातला दिवा कापला होता, अगदी बोटभर. ताई, मला फार बरं वाटलं. आणि म्हातारा तसाच. मी मनात म्हटलं, सगळं ऐकलं आणि मुख्य तेच नाही ऐकलं.

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली की तेच आहेत. मी वळायला लागलो तर चिटणीसबाई लांबूनच म्हणाल्या की काका, जरा हलू नका. मला वाटलं पाठीला काही चिकटलं आहे. वळून पाहिलं तर निम्मा हॉल एकदा माझ्या पाठीकडे आणि एकदा भिंतीकडे बघत होता. मग मी फोटोखालचं नाव वाचलं. आमच्याच घराच्या दारावर असतं ते आडनाव, आणि त्याच्या आधी हिचं नाव.

तिथे एक स्टूल होतं म्हणून बरं. त्यावर बसून मी पुन्हा सगळा फोटो पाहिला, आधी पाहिला नव्हता असा. ते टक्कल माझं. ते खांदे माझे. मला वाटत होतं की मी अजून ताठ चालतो. आणि ती जागा कोणती, हे मला तेव्हा कळलं. लाज वाटली, ताई. मी दोन पानांत लिहिलं होतं की म्हाताऱ्याला तिथे काही काम नाही. काम होतं.

घरी गेलो तर ही पोरांच्या चित्रांना चिकटपट्टी लावत बसली होती. मी वाटेत केवढं तरी बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच की फोटो छान आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं. मग तिने ती दोन पानं काढून दाखवली. आणि जिन्याच्या फोटोवरची ओळ तिचीच, हेही सांगितलं. मी तासभर रागावायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

राजीनामा परत घेतला आहे. चिटणीसबाई म्हणाल्या की त्यांनी तो अजून फायलीला लावलाच नव्हता. परवा संध्याकाळी कॅमेरा घेऊन बसस्टॉपवर गेलो आणि बोळातून पळालो नाही. ही बसमधून उतरली, मला पाहिलं आणि पायरीवरच थांबली. तेवढ्यात मी फोटो काढला. सोबत पाठवत आहे. तुझं मत हवं, आणि खरं हवं. मी आता काहीही ऐकून घेऊ शकतो, निदान आठवडाभर तरी.

लोभ कर म्हणत नाही, कान पकड म्हणतो.

तुझा,
गुण्या

ता. क. वन्सं, सा. न. हे आता माझा प्रत्येक फोटो खिडकीशी नेऊन पट्टीने तपासतात. काल रात्री एका मांजरीच्या फोटोवर पाऊण तास बोलले. छान आहे म्हणायचे तेच बरं होतं की काय, असं वाटायला लागलं आहे. पण बोलू देते. — बाई


२० डिसेंबर

चि. गुण्या व चि. सौ. बाई यांस,
अनेक उ. आ.

फोटो मिळाला. गुण्या, खरं मत मागितलंस म्हणून देते. बस निम्मी कापली गेली आहे. खांब बाईच्या खांद्यातून उगवला आहे. सगळा रस्ता उजवीकडे घसरतो, दोन अंश नव्हे, चांगला दहा अंश. खालच्या कोपऱ्यात तुझं बोट आलं आहे. बाईचा चेहरा हलला आहे, कारण ती हसते आहे. शेजारणीला दाखवला, तिने विचारलं की हा कोणी काढला, हात का थरथरत होता. मी म्हटलं, माझ्या भावाने, आणि थरथरत होता ते बरंच झालं. मी तो कपाटाच्या आरशात खोचून ठेवला आहे. सरळ करायला येऊ नकोस.

बाई, तुझ्या फोटोची एक प्रत मला हवी. माझी चूक एवढ्या लोकांनी पाहिली, निदान ती माझ्या घरात तरी असावी.

तो स्वेटर आता कोपरांवर झिजला असेल, म्हणून गुण्यासाठी नवा विणायला घेतला आहे, राखाडी रंगाचा. पाठ कालच पुरी झाली. या वेळी घाई नव्हती, चष्मा होता, गुडघाही गप्प होता. सगळ्या वेण्या नीट वळल्या. बघत बसले, आणि मग पंधरा ओळी उसवल्या आणि मधली वेणी तिथेच, तशीच उलटी वळवली. नाहीतर हा पुन्हा स्वतःला ओळखायचा नाही.

दोघांनाही पोटभर आशीर्वाद.

तुमची,
ताई