जर्मन गाडीतला यतिभंग

२ मार्च, सकाळ
धप्प.
चौसष्ट वर्षांपूर्वीचा आवाज, अजून कानात आहे. चौथीचा वर्ग, कविता तालात म्हणणं चालू. खिडकीबाहेर शाळा तपासायला आलेल्या साहेबांची जर्मन गाडी थांबली आणि दार लागलं. इतर गाड्यांची दारं तेव्हा खडाड करून लागायची. हे म्हणजे ओळीच्या शेवटी आलेलं भरदार गुरू अक्षर. मास्तर घाबरले, वर्ग चिडीचूप, मी मात्र कायमचा कामातून गेलो.
निवृत्त झाल्यावर तसंच दार असलेली गाडी एका सर्जनकडून घेतली. तेव्हा ती आठ वर्षांची होती, आज एकवीस. दार अजून तसंच लागतं. बाकीचं किरकोळ.
लेकीचा फोन आला. सहा वर्षांनी येते आहे. २५ तारखेला, सकाळचं विमान. सोबत नात, वय पाच, अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. विमानतळ नव्वद किलोमीटर. ठराव: दोघींना आपल्या गाडीतूनच आणायचं. हिला सांगितलं. ही कुकर लावायला गेली. संमती समजतो.

४ मार्च
मेव्हणे येऊन गेले. त्यांची जपानी गाडी, वय बारा. बारा वर्षांत काय काय केलंत विचारलं, तर म्हणे ऑइल, टायर आणि वायपर. वर म्हणाले, भावोजी, पंचवीसला माझी गाडी काढू, मीच चालवतो. हसून नकार दिला.
ते गेल्यावर उत्तर सुचलं: ज्या गाडीला कधी काही होतच नाही, तिचा टिकाऊपणा सिद्ध कसा होणार? आमची चौदा वेळा बंद पडली आणि चौदाही वेळा पुन्हा चालू झाली. म्हणजे चौदा वेळा सिद्ध.
हिला ऐकवलं. म्हणाली, पंधराव्यांदा नातीसमोर नको. मग मागचं उकरून काढलं. सहा वर्षांपूर्वी लेकीला सोडायला निघालो, गाडी उकळली, लेक बॅगांसकट दुधाच्या टेम्पोतून विमानतळावर गेली. विमान मिळालं ना? मग झालं. शिवाय दोष गाडीचा नव्हता, चढाचा होता.

७ मार्च
बॉनेट उघडून, डोळे मिटून पंधरा मिनिटं इंजिन ऐकलं. मूळचा शुद्ध भुजंगप्रयात. ल गा गा, ल गा गा, असे चार गण, सिलिंडरही चार. हा योगायोग नसावा. हल्ली मात्र तिसऱ्या गणात अडखळते. यतिभंग. ओळीत जिथे श्वास घ्यायचा नाही, नेमका तिथेच घेते.
समोर एक पिवळा दिवाही लागला आहे. मॅन्युअल जर्मनमध्ये. मोठ्याने वाचलं. अर्थ लागला नाही, पण भाषेला वजन आहे. जपानी गाड्या मनातलं सांगत नाहीत, ही मोकळ्या स्वभावाची. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. उगाच लक्ष जातं.

८ मार्च
मेकॅनिकला फोन. नेमका दोष सांगितला: तिसऱ्यात यतिभंग. त्याने विचारलं, काका, काय तुटलंय? म्हटलं, यति. त्याने लिहून घेतलं, मी त्यातला ति ऱ्हस्व करायला लावला. गाडी दाखवायला आणा म्हणत होता. निदान झालेलं असताना पेट्रोल कशाला जाळायचं?

११ मार्च
मेकॅनिकचा फोन. पार्टवाल्याकडे चौकशी केली. जपानी, कोरियन, कुठल्याच गाडीला यति येत नाही. जर्मन गाडीला असला तर बाहेरून मागवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा.
आधी वाटलं, मी कवितेतलं बोललो, त्याने इंजिनातलं घेतलं. पण विचार केला. संस्कृतवर जर्मन लोकांचा जीव जुनाच. एखाद्या भागाला हे नाव दिलंही असेल. दिलंच असणार.
लगेच मेव्हण्यांना फोन करून कळवलं की तुमच्या गाडीत यतिच नाही. त्यांनी विचारलं, नसला तर चालतं का? म्हटलं, चालतं हो, पण नुसतं चालतं.

१५ मार्च
गाडी आतून पुसली. वाटेत नातीला म्हणून दाखवायच्या कविता निवडल्या, नव्वद किलोमीटरच्या अकरा. मागची डावी काच आपोआप दारात उतरली. फूटपट्टीची पाचर मारून बसवली. नात उजवीकडे बसेल. उजवीकडून देखावा चांगला दिसतो.

१९ मार्च
सराव फेरी, मार्केटपर्यंत. सिग्नलला बंद पडली, पाचव्या सेल्फला चालू झाली. पंधरा वेळा सिद्ध. मागच्यांनी हॉर्न वाजवले, एकालाही लयीचं अंग नाही.
घरी आलो तेव्हा ही लेकीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मला पाहिल्यावर मोठ्याने भाजीचे भाव सांगायला लागली. तिकडे परदेशात त्याचा काय उपयोग?

२२ मार्च
मेकॅनिक स्वतः आला. पार्टवाल्याने कळवलंय की यति कंपनीच्या यादीतच नाही. मग बॉनेट उघडून दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाला, काका, तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय, मधेच पेटत नाही, कॉइल गेलीय. म्हटलं, अरे, मी दुसरं काय सांगत होतो? पंधरा दिवस तो सगळी दुकानं पालथी घालत होता म्हणे.
कॉइल २६ला येईल. तोवर गाडी बाहेर काढू नका म्हणाला. जपानी असती तर कोपऱ्यावर मिळाली असती, असंही पुटपुटला. हे वाक्य मी ऐकलेलं नाही.
ठराव: तीन सिलिंडरवर जायचं. तीन चरणांच्याही रचना असतात.

२४ मार्च, सकाळी १०
उद्या कूच. गाडी धुतली, पुसली, सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा मारला. नवव्यांदा 'ट' असा एक लघु उमटला. दहाव्यांदा तोही नाही. उद्यासाठी ताकद राखून ठेवत असावी.

दुपारी १२
ही सकाळपासून चादरी बदलते आहे. पाच जणांचा स्वयंपाकही मांडलाय. म्हटलं, त्या उद्या येणार, आज कशाला दमतेस? म्हणाली, तुम्ही तुमचं इंजिन बघा.

दुपारी ३
बॉनेटमधून डोकं काढून चहासाठी आत आलो, तोच बेल वाजली. मीच दार उघडलं, हात कोपरापर्यंत काळे. दारात लेक. तिचा हात धरून एवढीशी पोरगी, एक बूट पायात, एक हातात. मागे मेव्हणे, दोन्ही खांद्यांवर बॅगा, नजर पायपुसण्यावर.
तारीख मनात मोजली. चोवीसच. म्हटलं, अगं, विमान उद्याचं ना?
लेकीने माझे काळे हात तसेच हातात घेतले.
"बाबा, विमान आजचंच होतं. येऊ नका म्हटलं असतं तर तुम्ही कालच निघाला असता."