मी दचकत नाही, त्याबद्दल

१८ मार्च

माझ्या ‘अकस्मात्’मधल्या ‘त’चा पाय आज पुन्हा बसवला गेला. बातमी अशी की रानडुकरांचा कळप अकस्मात् बाजारात शिरला. मी ‘त’चा पाय शास्त्रोक्त मोडून पाठवतो, आणि नागपूरच्या डेस्कवरचा कोणी अज्ञात धन्वंतरी तो रातोरात जोडून देतो. सावली तालुक्याचा वार्ताहर म्हणून बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझा एकही हलन्त छपाईपर्यंत जगलेला नाही. निषेध नोंदवतो. इथेच नोंदवतो, कारण तिकडे पाठवला तर ते निषेधाचंही काही तरी करतील.

संध्याकाळी पुरवणीचे देशकर फोनवर. भीतीचे व्हिडिओ गेम असतात, त्यांत अचानक काही तरी अंगावर येतं, त्याला जम्प स्केअर म्हणतात. त्यातले सगळ्यात भयंकर कोणते, यावर लेख हवा.

“मलाच का?”

“तुमच्याकडे वाघ आहेत ना.”

हा तर्क कोणत्या दर्शनातला, ते विचारायचं राहिलं. हो म्हणालो. तज्ज्ञ घरातच आहे. आमची कन्या ऋचा पुण्याच्या एका कंपनीसाठी असल्याच खेळांचे आवाज बनवते, सध्या महिनाभर इथूनच काम. मान मोडल्याचा आवाज हवा म्हणून परवा तिने कोबीचा गड्डा पिळला. जेवायला त्याचीच भाजी होती. मी जेवलो.

१९ मार्च

जम्प स्केअरला शब्द शोधला. दचका आहेच, पण अलंकारशास्त्रात याहून नेमका आहे : त्रास. वीज कडाडली, अंग शहारलं, संपलं, तो त्रास. भय वेगळं. भय स्थायी भाव, बिऱ्हाड करून राहतं. त्रास बिचारा व्यभिचारी, आला तसा जातो. म्हणजे या खेळांत सगळा त्रासाचाच कारभार, भयाचं नाव फुकट.

हे सगळं सुधाला सांगितलं. सौ. जि. प. शाळेत शिकवते, तिला फळ्याशिवाय कोणी शिकवलेलं आवडत नाही.

“आणि मले तुमचा जो हाय, तो कोणता?”

कोश मिटून ठेवला.

२१ मार्च

भर दुपारी पडदे ओढून खेळायला बसलो. ऋ.ने कानांवर हेडफोन चढवून दिले, आणि माझी फजिती टिपायला मोबाइल सरसावून समोर बसली.

खेळ पहिला. बंद पडलेलं इस्पितळ, हातात बॅटरी, लांबच लांब व्हरांडा. मी चालत गेलो, दुसऱ्या टोकाला पोचलो.

“बाबा! ती नर्स तुमच्या मागं आली होती!”

“मग नमस्कार करायला हवा होता.”

“तुम्ही वळलेच नाई! लोक तिथं किंचाळतात. वळलं की ती इतकी तोंडाजवळ येते.”

“परस्त्रीकडे वळून पाहू नये.”

बिचारी उभीच राहिली असेल तिथे. दुसऱ्या खेळात लिफ्ट, तेच झालं. तिसऱ्यात डावीकडच्या भिंतीवरच्या तसबिरीने डोळे मिचकावले, तेव्हा खुर्ची थोडी सरकली. तो खुर्चीचा दोष. बावीस वर्षं वाघाच्या मुलखात बातम्या गोळा केल्यावर माणसाला एक स्थितप्रज्ञता येते, हे ऋ.ला समजावून सांगितलं. तिने मोबाइल बंद केला. चिडली आहे. तिच्या धंद्याचा अपमान झाला.

२२ मार्च

सु.ला शाळेत सोडलं. रोजचंच : सहा किलोमीटर जंगलाचा रस्ता, मोटरसायकलवर ती मागे, मी पुढे, मग मी माझ्या बातम्यांना. १ एप्रिलपासून सकाळची शाळा, म्हणजे साडेसहाला निघणं आलं. त्या वेळेला रस्त्यावर आम्ही दोघं आणि जंगलखात्याच्या यादीतले सगळे.

शाळेच्या फाटकात उतरल्यावर म्हणाली, “नाल्यापासून बोलून राह्यली मी. हूं नाई का चूं नाई.”

हेल्मेट, म्हटलं.

२४ मार्च

टिपणं काढली. दचक्यांचे तीन वर्ग.

कनिष्ठ : नुसता चेहरा दाणकन समोर आणणे. असं तर आमच्या तहसील कार्यालयातही होतं.

मध्यम : एका खेळातलं कपाट. चारदा उघडा, आत नुसत्या साड्या. पाचव्यांदा कंटाळून न उघडता पुढे जावं, तेव्हा ते आपण होऊन उघडतं. कंटाळ्याचा इतका चांगला उपयोग आमच्या पुरवणीलाही जमलेला नाही.

उत्तम : खेळ थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर यादी आली, पुढे चालू, बाहेर पडा वगैरे. माणूस निश्चिंत होऊन पाण्याचा पेला उचलतो आणि त्या यादीच्या मागून हात येतो. हा विश्वासघात. इथे मीही पेला खाली ठेवला. (सावकाश.)

ऋ.च्या मते सर्वश्रेष्ठ याहून वेगळा. एका घरात पाऊण तास घड्याळाची टिकटिक चालू असते. मग ती थांबते. बस्स, बाकी काहीच होत नाही. लोक खुर्ची सोडून पळतात म्हणे. मी तोही खेळलो. शेवटी विचारलं, “कोणतं घड्याळ?”

“उजव्या भिंतीवरचं, बाबा!”

“दिसलं. चालू होतं?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, “सगळी तयारी आवाजच करतो. चेहरा फक्त सही करायले येतो.” वाक्य चांगलं आहे. लेखात घेतो, माझं म्हणून.

२६ मार्च

मोहफुलांची बातमी. शेवंताबाई आणि चार बायकांबरोबर पहाटेच जंगलाच्या कडेला गेलो. शेवंताबाईंची नात सु.च्या वर्गात, म्हणून मी त्यांचा ‘सर’. मोह वेचताना वाकावं लागतं आणि वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. म्हणून यांची एक रीत. जी ती आपापल्या झाडाखाली, पण थोड्या थोड्या वेळाने एकीने ‘कूऽऽ’ म्हणायचं आणि बाकी सगळ्यांनी आळीपाळीने ‘कू’ द्यायची. कोणाची कू आली नाही, तर टोपल्या टाकून तिकडे धावायचं. मलाही गणतीत धरलं, कू देण्याची तालीम घेतली. माझी कू फार शुद्ध येते, असं म्हणून हसल्या.

मी एका झाडाखाली बसून लिहीत होतो. डावीकडून पानं वाजली, मान वर केली, सरडा होता. पुन्हा लिहायला लागलो. आणि एकदम उजव्या खांद्यापाशी पाच बायका, काठ्या उगारलेल्या, पदर खोचलेले, सगळ्या एकदम ओरडत.

उडालो. वही एकीकडे, चष्मा एकीकडे.

“जित्ते हाय ना सर!”

“तीन डाव कू देल्ली मी! काऊन नाई बोलले?”

“आमाले वाटलं, नेला सरले.”

शेवंताबाई धापा टाकत खाली बसल्या. “बाईले जाऊन काय सांगावं, याचीच जुळवाजुळव करत धावली मी.”

लिहिण्यात गुंग होतो, म्हटलं. त्यांनी ते मान्य केलं. शिकलेल्या माणसाबद्दल लोक काहीही मान्य करतात. पण परतताना मला मधे चालवलं, दोघी पुढे, तिघी मागे.

सबंध लेखात पहिला क्रमांक याच दचक्याला द्यायला हवा. ऋ.ला सांगितलं, पोट धरून हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “त्या कोणत्या बाजूनं आल्या?”

२८ मार्च

लेख संपवण्यापूर्वी एकदा पडताळा, म्हणून दुपारी एकटाच इस्पितळात शिरलो. तोच व्हरांडा, तीच बॅटरी. आणि कोणी तरी श्वास घेतला. माझ्या कानात, अगदी जवळ, ओला. आठ दिवसांपूर्वी तो तिथे नव्हताच. मी वळलो. नर्स होती. माझ्या तोंडाजवळ, इतकी.

किंचाळलो. चहा लॅपटॉपवर. ऋ. धावत आली. लॅपटॉप पुसायचा सोडून माझ्या डोक्याकडे पाहत उभी राहिली.

“बाबा, हेडफोन उलटा घातलाय.”

उजव्या कानाचं डाव्या कानावर आलं होतं. तिने तो नीट घातला, तोच तुकडा पुन्हा लावला. नर्स गुपचूप मागे येऊन उभी राहिली असणार. मला काही कळलं नाही.

२९ मार्च

मनगटी घड्याळ डाव्या कानाला लावलं : टिकटिक. उजव्या : काही नाही. सेल संपला असं वाटून पुन्हा डाव्याला. चालू.

आधी कसं कळलं नाही? फोन कायम डाव्या कानाला, कारण उजव्या हाताने बातमी उतरवून घ्यायची असते. बावीस वर्षं उजव्या कानाला मी काही कामच दिलं नाही. तो केव्हा राजीनामा देऊन गेला, माहीत नाही.

ऋ.ने चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला आहे. “आईले तुम्ही सांगा. मी नाई सांगणार.” लेख रवाना केला. स्थितप्रज्ञतेचा परिच्छेद काढून टाकला.

३१ मार्च

लेख आला. पहिल्याच ओळीत ‘अकस्मात्’. पाय मोडलेला, ठसठशीत, जसाच्या तसा. बावीस वर्षांत प्रथमच. सु.ला दाखवला. “छान,” म्हणाली, आणि उद्याचे डबे कोणते, ते विचारलं. डॉक्टरांना फोन केला नाही. रविवार होता.

१ एप्रिल

सकाळची शाळा. साडेसहाला निघालो, हवा गार, रस्ता मोकळा. नाल्याच्या अलीकडच्या वळणावर पाठीत बुक्की बसली. पाठोपाठ दुसरी. ब्रेक दाबला, गाडी वाकडी होऊन थांबली.

“थांबा म्हटलं! तीनदा म्हटलं!” सु.चा आवाज कापत होता. मी तो पहिल्यांदाच कापताना ऐकला. “वानरं खेकसून राह्यले तिकडं! ऐकू नाई आलं?”

उजवीकडे पाहिलं. झाडाच्या शेंड्यावर वानर बसलेलं, तोंड उघडत होतं, मिटत होतं. खाली वाघ-बिबट दिसला की ते असं खेकसतं. खाली बांबूत काय होतं ते दिसलं नाही. आम्ही इंजिन चालू ठेवून उभे राहिलो. पाचेक मिनिटांनी वानर खाली उतरून पाला खायला लागलं, तेव्हा निघालो.

शाळेच्या फाटकात म्हणालो, “हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही.”

“हेल्मेट हँडलले टांगलं हाय,” ती म्हणाली.

आत गेली. व्हरांड्यातून एकदा वळून पाहिलं.

इथे तरी सरळ लिहितो. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. डेस्कचे फोन अर्ध्या कानाने ऐकायचे असतात, ते डाव्याने भागेल. वाघाचंही तेवढं नाही. भीती वाटते ती ही, की एखाद्या सकाळी सु. मागून ‘थांबा’ म्हणेल, आणि मी गाडी चालवत राहीन. हा त्रास नव्हे. चार दिवस झाले, गेलेलं नाही.

सांगायला हवं. ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, उद्याचा डबा भरते आहे. उद्याही साडेसहाला निघायचं आहे.